पेंड्युलम किती अंशातून सोडायचा: एकच प्रॅक्टिकल दोन पद्धतींनी घेतलं त्याचा अनुभव

अकरावीला सिंपल पेंड्युलमचं प्रॅक्टिकल असतं, दोऱ्याला टांगलेला गोळा (बॉब) झुलवायचा, एका पूर्ण झोक्याला (ऑसिलेशनला) किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून जी म्हणजे गुरुत्व त्वरण काढायचं. आणि वर्षानुवर्षं सगळ्यांच्या जर्नलमध्ये जी ची किंमत ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग याच्या अलीकडे पलीकडेच येते, कुणाची ९७९.६, कुणाची ९८१.२, कुणाची बरोब्बर ९८०. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि हे आकडे इतकी वर्षं तपासल्यावर खात्रीने सांगते की यातले बरेचसे आकडे मोजलेले नसतात, बसवलेले असतात. आपल्या महाराष्ट्राच्या अक्षांशाला जी ची खरी किंमत ९७८ च्या आसपास आहे, ९८० नाही. आणि हातातल्या स्टॉपवॉचने आणि मीटरपट्टीने मोजायचं म्हटलं की वेळेत थोडं, लांबीत थोडं असं इकडे तिकडे होणारच, त्यामुळे प्रामाणिकपणे मोजलं तर वर्गात कुणाची ९७० यायला पाहिजे, कुणाची ९८८, आणि सगळ्यांची मिळून सरासरी ९७८ च्या जवळपास. तशी कधीच येत नाही. येतात ते पुस्तकातल्या किमतीला चिकटलेले आकडे.

हे कसं होतं ते सायन्सला गेलेल्या प्रत्येकाला माहितीय. लांबी १०० सेंटिमीटर धरायची, उत्तर ९८० पाहिजे, मग टी = २π√(एल/जी) या फॉर्म्युल्यात (एल म्हणजे लांबी, टी म्हणजे एका ऑसिलेशनचा वेळ) उलट गणित करून टी येतो २.००७, म्हणजे २० ऑसिलेशनला ४०.१ सेकंद, मग ऑब्झर्वेशन टेबलात ४०.०, ४०.२, ४०.१ लिहायचं आणि मीन (सरासरी) ४०.१. एल विरुद्ध टी वर्गाचा ग्राफ काढला की सगळे बिंदू पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत. मुलांना दोष द्यायला माझं मन होत नाही. त्यांना शाळेपासून हेच दिसलंय की प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, ते आलं तर मार्क आणि नाही आलं तर "परत कर", मग शहाणं पोर काय करणार, मागच्या वर्षीच्या ताईचं जर्नल आणणार. आणि हात खरंच लावलेला असतो हं त्यांनी, पेंड्युलम हलवलेला असतो, स्टॉपवॉच दाबलेलं असतं, फक्त त्या हलवण्याचा आणि लिहिलेल्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही.

गेल्या वर्षी मी ठरवलं की हेच प्रॅक्टिकल दोन बॅचना दोन पद्धतींनी घेऊन बघायचं. विसेक मुलांची एकेक बॅच. पहिल्या बॅचला नेहमीसारखं, एम (उद्देश), अ‍ॅपरेटस, फॉर्म्युला, प्रोसिजर फळ्यावर, मग रीडिंग, मग कॅल्क्युलेशन, मग प्रिकॉशन. दुसऱ्या बॅचला फक्त एक प्रश्न द्यायचा आणि साहित्य टेबलावर ठेवायचं. (नंतर पहिल्या बॅचलाही प्रश्नवालं दिलं आणि दुसरीला जी काढायचं, कुणाचं काही बुडू दिलं नाही, हे आधीच सांगून ठेवते कारण एका पालकांनी विचारलं होतं.)

प्रश्न माझा नाही. कार्ल वाईमन म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत, २००१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले, ते नंतर सायन्स शिकवायचं कसं यावरच काम करायला लागले, आणि नताशा होम्स या त्यांच्या सहकारी. त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना अगदी साधा प्रश्न दिला होता, पेंड्युलम १० अंशातून सोडला आणि २० अंशातून सोडला तर एका ऑसिलेशनचा वेळ सारखाच राहतो का. रीडिंग घ्या, तुलना करा, मग ठरवा की पुढे काय सुधारायचं, परत घ्या, परत तुलना करा. त्यांचा पेपर २०१५ चा आहे आणि त्यात असं दिसलं की या पद्धतीने शिकलेल्या मुलांचं आपणहून प्रयोग सुधारायचं सुचवण्याचं किंवा प्रत्यक्ष सुधारण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या मुलांच्या १२ पट होतं. बारा पट! मी ते वाचलं आणि वाटलं की हे तर आपल्या लॅबमध्ये आहे त्याच साहित्यात होतंय, स्टँड, दोरा, बॉब, दोरा पकडायचं चिरलेलं बूच (स्प्लिट कॉर्क), कंपासमधला कोनमापक आणि स्टॉपवॉच, एक रुपया जास्तीचा लागत नाही.

पहिल्या बॅचबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन तासांच्या आत सगळ्यांचं झालं, लॅब शांत होती, मी टेबलाटेबलावर फिरले, कुणाचा दोरा क्लॅम्पला नीट धरला नव्हता तो बघितला, उत्तरं ९७८ ते ९८२ आली, सह्या केल्या. प्रिकॉशनमध्ये प्रत्येकाने लिहिलं होतं की झोक्याचा पल्ला म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड लहान ठेवावा. मी तिघाचौघांना विचारलं की लहान का ठेवायचा, तर एकाने सांगितलं "नाहीतर बॉब स्टँडला धडकतो". चांगला अभ्यासू मुलगा आहे तो, दहावीला भरपूर मार्क आहेत त्याला.

दुसऱ्या बॅचला प्रश्न फळ्यावर लिहिला आणि सांगितलं की उत्तर काय ते तुम्ही ठरवायचं आणि मला पटवायचं. लगेच आवाज आला, "मॅडम, फॉर्म्युल्यात अँगल नाहीच्चे, म्हणजे सारखा". मी म्हटलं असेल, मोजून दाखवा. पाच ग्रुप केले, प्रत्येक ग्रुपने एक मीटरच्या जवळपास लांबी घेतली आणि दहा दहा ऑसिलेशनचे वेळ घेतले. एका ग्रुपचे आकडे मी टिपून ठेवलेत, १० अंशाला २०.०, २०.२, २०.१ आणि २० अंशाला २०.१, २०.३, २०.२. मीन काढला तर २०.१ आणि २०.२. ग्रुपमधल्या दोघांचं म्हणणं फरक आहे, २० अंशाला जास्त वेळ लागतो. बाकीच्यांचं म्हणणं ०.१ म्हणजे काही नाही, ते हाताने झालं. वाद चांगलाच रंगला आणि मी मधे पडले नाही. मग त्यांच्यातलीच एक मुलगी म्हणाली की अरे पण एकाच अँगलच्या रीडिंगमध्येच ०.२ चा फरक आहे, मग दोन अँगलमधला ०.१ आपण कुठल्या तोंडाने सांगायचा.

हे वाक्य त्या मुलीचं आहे, मी शिकवलेलं नाही. एरर अ‍ॅनालिसिसचं अख्खं प्रकरण आहे अकरावीच्या पहिल्या महिन्यात, अ‍ॅब्सोल्यूट एरर, रिलेटिव्ह एरर, पर्सेंटेज एरर, मुलं त्याची गणितं धडाधड सोडवतात, पण रीडिंगमधला पसारा, म्हणजे तेच परत मोजताना आकडे किती मागेपुढे येतात, हे बघितल्याशिवाय दोन आकडे वेगळे आहेत की नाहीत हे सांगताच येत नाही, हा त्याच्यामागचा खरा मुद्दा कळायला तो वाद व्हावा लागला.

मग विचारलं, पसारा कमी कसा करायचा? इथून पुढे मला फारसं बोलावंच लागलं नाही. एक ग्रुप म्हणाला बटण दाबताना हात मागेपुढे होतो तो एकदाच सुरुवातीला आणि एकदाच शेवटी होतो, मग दहाच्या ऐवजी ५० ऑसिलेशन घेतली तर तीच चूक ५० मध्ये वाटली जाईल. दुसऱ्या ग्रुपने बघितलं की टोकाला पोचल्यावर बॉब क्षणभर रेंगाळतो त्यामुळे नक्की कधी दाबायचं कळत नाही, आणि मधोमध तो सगळ्यात जोरात असतो, म्हणून त्यांनी मागे कागदावर स्केचपेनने उभी रेघ मारली आणि बॉब रेघेवरून जाताना बटण दाबायचं ठरवलं. आमच्या प्रोसिजरमध्ये मीन पोझिशनवरून (मधल्या जागेवरून) मोजावे असं छापलेलंच आहे, पहिल्या बॅचने ते उतरवलंही होतं. या पोरांनी ते शोधून काढलं, आणि शोधून काढलेली गोष्ट माणूस दुसऱ्याला समजावून सांगतो, उतरवलेली सांगत नाही. अर्ध्या तासात पाचही टेबलांच्या मागे रेघा.

एका टेबलावर ५० ऑसिलेशनचं एक रीडिंग ९८.६ सेकंद आलं, बाकीची १००.५, १००.७. नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये असलं रीडिंग खोडरबराने जातं, कुणाला कळतही नाही. इथे त्यांना पुसता येत नव्हतं कारण मी पेनने लिहायला लावलं होतं आणि खाडाखोड करायची तर कारण लिहून करायची असं सांगितलं होतं. बसले विचार करत. दोन सेकंद कमी, म्हणजे बरोबर एक ऑसिलेशन कमी. मग लक्षात आलं की मोजणाऱ्याने बटण दाबल्या दाबल्या "एक" म्हटलं होतं, खरं "शून्य" म्हणायला पाहिजे. म्हणजे ५० नाही, ४९ च झाली होती. त्या चुकीचं कारण सापडल्यावर ती मुलं जेवढी खूश झाली तेवढी जी ची किंमत बरोबर आली म्हणून खूश झालेली मुलं मी बघितलेली नाहीत.

५० ऑसिलेशनचे आकडे आले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. १० अंशाला १००.६ च्या आसपास, २० अंशाला १०१.० च्या आसपास, आणि रीडिंगमधला पसारा तोच ०.२. म्हणजे आता फरक पसाऱ्यापेक्षा मोठा. फॉर्म्युल्यात अँगल नाही आणि तरी अँगलने फरक पडतोय. लॅबमध्ये गलका झाला, दोन ग्रुप म्हणाले आमचंच काहीतरी चुकलंय, परत घेतो. परत घेतलं, तेच आलं.

तेवढ्यात मघाचीच ती मुलगी माझ्याकडे आली आणि विचारलं, "मॅडम, शेवटी शेवटी हा वीस अंशावरून पार पंधराच्या खाली येतोय, मग हे वीसचं रीडिंग आहे असं म्हणायचं का?" मी इतकी वर्षं शिकवतेय, पेंड्युलमवर असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. हवेच्या विरोधाने अ‍ॅम्प्लिट्यूड कमी होत जातो, त्यामुळे ५० ऑसिलेशन घेतली तर हाताची चूक कमी होते पण अँगल टिकत नाही, आणि थोडी घेतली तर अँगल टिकतो पण हाताची चूक मोठी राहते. यातला मधला रस्ता काढणं हेच तर प्रयोग करणाऱ्याचं काम. एका मुलाने तो वेगळ्याच बाजूने सोडवला, म्हणाला मोजायचं सुधारण्यापेक्षा फरकच मोठा करू की, ४० अंशातून सोडू आणि दहाच घेऊ. सोडला. २०.६, २०.७. आता वादाला जागाच उरली नाही.

तास संपला होता, पुढच्या आठवड्यात उरलेलं केलं. तेव्हा मी साइन थीटा आणि थीटाचं सांगितलं (थीटा म्हणजे आपला अँगल), की आपला फॉर्म्युला काढताना छोट्या अँगलला साइन थीटा आणि थीटा सारखेच धरलेत, म्हणून अँगल गायब झाला. खरा वेळ थोडा जास्त असतो, किती तर रेडियनमध्ये अँगल घेऊन त्याचा वर्ग भागिले १६, एवढ्या हिश्शाने. १० अंशाला हा हिस्सा साधारण ०.२ टक्के, २० ला ०.८ टक्के, ४० ला ३ टक्के. मुलांनी आपापल्या आकड्यांशी ताडून बघितलं. ५० ऑसिलेशनला १० आणि २० अंशात गणिताने अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर फरक यायला पाहिजे, त्यांना थोडा कमी आला होता, आणि कमी का आला ते त्यांना माहीत होतं. त्यांना हेही सांगितलं की खुद्द गॅलिलिओचं मत होतं की छोटा झोका असो नाहीतर मोठा, वेळ सारखाच लागतो, आणि हायगेन्सने १६७३ मध्ये गणिताने दाखवलं की वेळ अगदी सारखा हवा असेल तर गोळा वर्तुळाच्या कंसावर फिरून चालत नाही, सायक्लॉइड नावाच्या वेगळ्या वक्रावर फिरायला लागतो. वर्ग एकदम शांत झाला. अ‍ॅम्प्लिट्यूड लहान ठेवावा, या एका ओळीमागे एवढं सगळं आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती मी प्रत्यक्ष बघितलीय आणि ती लपवून उपयोग नाही.

दोन्ही बॅचची अदलाबदल केली आणि दुसऱ्या बॅचला जी काढायला दिलं, तेव्हा त्यांच्यातल्या दोन ग्रुपनी दोऱ्याचीच लांबी घेतली, बॉबची त्रिज्या मिळवलीच नाही. दोन अँगलची तुलना करताना याने काही बिघडत नाही, लांबी तीच राहते. पण जी काढताना एक सेंटिमीटरची त्रिज्या सुटली की उत्तर एक टक्क्याने खाली येतं, ९७८ च्या जागी ९६८. पहिल्या बॅचने व्हर्निअर या बारीक मापाच्या उपकरणाने बॉबचा डायमीटर मोजलेला होता, झिरो एरर (उपकरण शून्यावर नीट येतं का) बघितलेला होता, कारण पायरीपायरीने लिहून दिलं होतं. हे शिस्तीचं शिक्षण आहे आणि ते हवंच. स्क्रूगेजचं बॅकलॅश (आट्यांतल्या सैलपणाने होणारी चूक) टाळायला एकाच दिशेने फिरवायचं, पट्टी वाचताना डोळा बरोबर समोर आणायचा, लीस्ट काऊंट (उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप) आधी काढायचं, या गोष्टी कुणी शोधून काढाव्यात म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही, त्या सांगायच्या, करून दाखवायच्या आणि हात बसेपर्यंत करून घ्यायच्या, जशी तबल्याची बोटं गुरुजी घोटून घेतात तशा.

केमिस्ट्रीच्या सरांशी माझं यावर बरंच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं की क्षारात कुठले आयन आहेत ते ओळखायच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये ग्रुपचा क्रम मोडून चालत नाही, वरच्या ग्रुपचं आयन काढून टाकल्याशिवाय खालच्याची टेस्ट घेतली तर चुकीचाच अवक्षेप दिसणार, आणि कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक अ‍ॅसिड समोर ठेवून "करून बघा काय होतंय" हे म्हणणार नाही मी कुणाला. बरोबर आहे त्यांचं. पण तेच सर टायट्रेशनला (थेंब थेंब मिसळून द्रावणाची तीव्रता मोजायच्या प्रयोगाला) एक वेगळं करतात, बाजारातले दोन कंपन्यांचे व्हिनेगर आणून कुठलं जास्त आंबट हे मोजून ठरवायला लावतात. पद्धत सगळी जुनीच, ब्युरेट, पिपेट, फिनॉल्फ्थॅलिन, फक्त उत्तर कुणालाच आधी माहीत नाही. मला वाटतं सगळा फरक तिथेच पडतो.

आणखी एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये चार पाच जणांच्या ग्रुपमध्ये एक जण उपकरण हाताळतो, एक लिहितो, बाकीचे उभे. आणि मिक्स ग्रुप असला की उपकरण मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात, कारण अक्षर चांगलं असतं म्हणे. वर्षभर हेच चालतं आणि परीक्षेच्या दिवशी मुलगी पहिल्यांदा स्टॉपवॉच धरते. प्रश्नवाल्या प्रॅक्टिकलमध्ये हे आपोआप सुटेल असं मला वाटलं होतं पण तसं होत नाही, उलट जो पोरगा धीट तोच सगळं ताब्यात घेतो. म्हणून नियम केला की दर रीडिंगला माणूस बदलायचा, सोडणारा, मोजणारा, बटण दाबणारा, लिहिणारा, सगळ्यांनी सगळं करायचं. त्यातून आणखी एक प्रश्न निघाला, की वेगवेगळ्या माणसांनी दाबलं तर पसारा वाढतो का. वाढतो, थोडा. तेही मोजलं त्यांनी.

ही सगळी काही परदेशातून आलेली नवीन कल्पना आहे असं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांमधून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू केला, सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग करायचा आणि त्यातून शिकायचं, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले लोक शिक्षकांबरोबर बसून काम करायचे. १९७८ मध्ये तो अख्ख्या जिल्ह्यात गेला, पुढे १९८२ मध्ये एकलव्य संस्था निघाली, परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून आणि प्रयोगाची वेगळी. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा काढून तिथेच गेले होते, तिथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यातून त्यांची खेळणी सुरू झाली, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी हजारो मुलांना हे करायला लावलं. तीस वर्षं साध्या सरकारी शाळांमधून हे चाललं, त्यामुळे "आमच्याकडे सोय नाही" हे कारण मला पटत नाही.

खरी अडचण वेळेची आणि परीक्षेची आहे, सोयीची नाही. बारावीला प्रॅक्टिकलचे ३० मार्क, सर्टिफाइड जर्नल पाहिजे, त्यात ठरलेले प्रयोग पूर्ण पाहिजेत, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) आले की उत्तर बघणार. नीट आणि सीईटीला प्रॅक्टिकलचे मार्क धरत नाहीत, त्यामुळे क्लासवाली मुलं लॅबला यायलाच तयार नसतात. आमच्या सीनिअर मॅडमचा आक्षेप हाच होता, की एका पेंड्युलमला तू दोन आठवडे लावलेस, बाकीचे प्रयोग कोण करणार. त्यांना माझ्याबद्दल राग नव्हता, काळजी होती, मार्च महिन्यात पोरांची जर्नलं अपुरी राहिली की धावपळ त्यांनाच करायला लागते. त्यांना मी होम्स आणि वाईमन यांचाच दुसरा अभ्यास दाखवला. तीन विद्यापीठांतल्या नऊ कोर्समध्ये त्यांनी तपासलं होतं की थिअरी पक्की व्हावी म्हणून घेतलेल्या लॅबने मुलांचे परीक्षेतले मार्क वाढतात का, ज्या मुलांनी लॅब घेतली आणि ज्यांनी नाही घेतली त्यांची तुलना केली, आणि लॅबचा मोजता येईल असा काहीच फायदा दिसला नाही. मॅडमनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, मग हे एवढे तास आपण कशासाठी देतो? तोच तर माझाही प्रश्न आहे. जी ची किंमत ९८० आहे हे पटवण्यासाठी देत असू तर ते फळ्यावर दोन मिनिटांत होतं.

मग आम्ही दोघींनी मिळून वाट काढली. जर्नलमधले बहुतेक प्रयोग नेहमीच्या पद्धतीने, भराभर, हात बसण्यासाठी. आणि प्रत्येक टर्मला थोडेच प्रयोग असे निवडायचे की जे प्रश्न देऊन सावकाश करायचे आणि ज्यांचं उत्तर पुस्तकात सरळ सापडत नाही. मॅडमनी स्वतः ओहमच्या नियमाचा घेतला. नेहमी रेझिस्टन्स कॉइल असते, व्होल्टेज आणि करंटचा ग्राफ सरळ रेष येतो. त्यांनी कॉइल काढून टॉर्चचा २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचा बल्ब लावायला सांगितला. ग्राफ वाकला. मुलांनी आधी अ‍ॅमीटर बदलला, मग वायरी बदलल्या, मग सेल बदलले, तरी वाकतोय. शेवटी एकाने बंद बल्बचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजला तर एक ओहमच्या आसपास, आणि पेटलेल्याचा हिशोब केला तर आठ ओहमच्या वर. गरम झाल्यावर फिलामेंटचा रेझिस्टन्स वाढतो हे सगळ्यांना पाठ होतं, पण ते समोर होतंय हे दिसायला तासभर गेला. मॅडम त्या दिवशी स्टाफरूममध्ये आल्या त्या बोलतच आल्या, रिटायरमेंटला थोडीच वर्षं राहिलीत त्यांची आणि आवाजात पहिल्या वर्षाच्या शिक्षिकेचा उत्साह.

कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनबद्दलही विचारतात मला. फेट नावाची वाईमननीच सुरू केलेली सिम्युलेशन आहेत, फुकट आहेत, मराठीतही आहेत, त्यात पेंड्युलमही आहे आणि घर्षण शून्य करता येतं. मी ती वापरते, पण हाताने करून झाल्यावर. त्यात अँगल बदलला की वेळ लगेच बदललेला दिसतो, आकडा दर वेळी तोच येतो. आधी तेच दाखवलं तर पसारा म्हणजे काय हे मुलांना कधी कळणारच नाही, आणि हाताने करून झाल्यावर दाखवलं की मुलं स्वतःच म्हणतात की याला हवा लागत नाही म्हणून हा टिकतोय.

परीक्षेचं काय झालं असं सगळे विचारतात. दोन्ही बॅचच्या मार्कांत मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही, एवढ्या थोड्या मुलांवरून काही ठरवणंही बरोबर नाही. फरक दिसला तो जर्नलमध्ये. आता ९७१ लिहून आणतात, ९८५ लिहून आणतात, आणि शेजारी लिहितात की लांबीत अर्धा सेंटिमीटर इकडे तिकडे असू शकेल. आमच्या कॉलेजमधल्या परीक्षेला मी अशा ९७१ ला पूर्ण मार्क देते आणि तीनही रीडिंग दशांशापर्यंत तंतोतंत एकच असतील तर विचारते की हे कसं झालं. बारावीला एक्स्टर्नल काय करतील ते माझ्या हातात नाही, पण आपले रीडिंग आपण कसे घेतले हे धडपणे सांगणाऱ्या मुलाला व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) कुणी नापास करत नाही.

या वर्षी रेझोनन्स ट्यूबवर करायचं ठरवलंय, म्हणजे पाण्याच्या नळीवर ट्यूनिंग फोर्क वाजवत धरायचा आणि आतल्या हवेची लांबी किती असताना आवाज एकदम मोठा होतो (रेझोनन्स) ते बघायचं. हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, एका अंशाला साधारण ०.६ मीटर प्रति सेकंद. ५१२ हर्ट्झचा फोर्क घेतला आणि पहिल्या आणि दुसऱ्या रेझोनन्सच्या लांबीतला फरक मोजला तर डिसेंबरच्या सकाळी १८ अंशाला तो ३३.४ सेंटिमीटरच्या आसपास यायला पाहिजे आणि मार्चच्या दुपारी ३४ अंशाला ३४.३ च्या आसपास. नऊ मिलिमीटर, पट्टीवर सहज दिसतील एवढे, पण नेमका आवाज कुठे मोठा होतो हे ठरवण्यातच पाच सात मिलिमीटरचा घोळ होतो त्याचं काय करायचं ते मुलांनीच शोधायचंय. डिसेंबरची रीडिंग फळ्याशेजारी चिकटवून ठेवणार आहे, तीन महिन्यांनी तीच मुलं परत घेतील. कुणी हे आधी केलं असेल तर नक्की लिहा, पाण्याचं तापमान हवेपेक्षा वेगळं असतं त्याने नळीच्या आतल्या हवेत किती फरक पडतो हा मला सध्या पडलेला प्रश्न आहे, आणि थर्मामीटर नळीत आत सोडायचा की बाहेर टेबलावर ठेवायचा यावर आमच्या लॅब असिस्टंट काकांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.